हरणांचा माज थंडीवर नसतो हो!

गोव्यात वाळपईकडे लहानपणापासून ऐकत आलोय, थंडी कडक पडली किंवा पौर्णिमा आली की मेरू (म्हणजे सांबर) माजावर येतात. जुने शिकारी सांगायचे आणि आता व्हॉट्सॲपवर पण तेच फिरतंय. पण ते खरं नाही.

अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांचं बघा, तिकडे उत्तरेत दिवस लहान होत जातो तसे हार्मोन्स बदलतात आणि माज दरवर्षी नोव्हेंबरच्या मध्याला येतो, थंडी असो नसो. गारव्यात ती दिवसा जास्त फिरतात म्हणून जास्त दिसतात, एवढंच, आणि लोकांना वाटतं थंडीनेच माज आला.

आपल्या गोव्यात सगळ्यात मोठा आणि लहान दिवस यात फरक जेमतेम २ तासांचा, म्हणून चितळांचा माज वर्षभर पसरलेला. एकाच कळपात एका नराच्या शिंगांवर अजून मखमल (वाढत्या शिंगांवरची मऊ कातडी) असते आणि दुसरा माजावर येऊन झाडाची साल खरवडत असतो.

आणि मेरवाच्या गळ्याखाली लालसर, केस गेलेला ओला चट्टा दिसला तर तो रोगच असं समजू नका, गोळी लागल्याची जखम तर नाहीच नाही! ती ग्रंथी असावी असं मानतात, माजाच्या दिवसांत जास्त दिसते, मादीला पण असते. शिकारीला १९७२ च्या कायद्याने बंदी आहे, पण मोलेच्या रानात नुसतं बघायला गेलात तरी हे माहीत हवंच.