चाक मोठं केलं की काटा खोटं बोलायला लागतो

भाचा घोडबंदरला राहतो, मागच्या दिवाळीत गाडीला १६ इंची अलॉय आणि जाडजूड टायर टाकून घेतले. कंपनीचे होते १८५/६५ आर १५, याने घातले २०५/६५ आर १६. मला म्हणाला मामा, गाडी कशी उंच दिसते बघ ना, आणि खड्ड्यात खाली पण लागत नाही. दिसते खरी. पण पार्किंगमधून निघताना स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवलं की पुढून खर्र आवाज, म्हणजे टायर मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला घासतोय.

आता हे आकडे काय ते बघू. १८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ म्हणजे त्या रुंदीच्या ६५ टक्के टायरची भिंत उंच, आणि १५ म्हणजे रिमचे इंच. गंमत ही की ६५ हा टक्का असल्यामुळे रुंदी वाढवली की भिंतही आपोआप उंच होते, आणि नेमकं हेच भाच्याच्या लक्षात आलं नाही. त्याला वाटलं वाढला तो एक इंच, पण जुनं चाक ६२१ मिमी उंच आणि नवं ६७३, म्हणजे दोन इंच! सव्वाआठ टक्के मोठं.

विश्वास बसेना त्याचा, मग रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये टायरवर खडूने खूण केली, गाडी एक फेरा ढकलली आणि टेपने मोजलं, २ मीटर ५ सेंमी. कागदावर २११ यायला हवेत पण गाडीच्या वजनाने टायर खाली दबतो त्यामुळे तेवढे भरत नाहीत. डिकीतली स्टेपनी जुन्याच मापाची होती, ती नुसती हाताने गडगडवली तर १९५.

गाडीला बिचारीला यातलं काही कळत नाही. ती किलोमीटर मोजतच नाही, ती फेरे मोजते आणि एका फेऱ्यात इतकं अंतर जातं हे तिला कारखान्यात शिकवलेलं असतं. आधी स्पीडचा काटा ८० वर असताना मोबाईलचा जीपीएस ७६ दाखवायचा (कंपन्या काटा मुद्दाम थोडा पुढे ठेवतात), आता पामबीच रोडवर काटा ८० आणि जीपीएस ८२, आणि तिथे कॅमेरे आहेत. अ‍ॅव्हरेजचंही तेच, १७ वरून १४ वर आलं म्हणून रडत होता, पण किलोमीटरच कमी मोजले जातायत, हिशोब लावला तर खरे १५ च्या आसपास. दोनचा तोटा मात्र खराच आहे.

ब्रेकचं जरा गंभीर आहे. भरलेली बादली छातीजवळ धरली तर चालतं, तीच हात लांब करून धरा, खांदा भरून येतो, खांदा तोच असतो फक्त अंतर वाढलेलं असतं. ब्रेकची डिस्क पण तीच, तिची पकड तीच, पण रस्ता आता अ‍ॅक्सलपासून लांब गेला म्हणून तेवढ्याच दाबात जमिनीवर मिळणारी ताकद साधारण आठ टक्के कमी. इंजिनाच्या ओढीचंही तसंच, गायमुखच्या चढाला दुसरा गिअर लवकर टाकावा लागतो ते त्यामुळेच.

दुकानवाला त्याला म्हणाला होता रुंद टायर म्हणजे रस्त्यावर जास्त रबर. ऐकायला बरोबर वाटतं. पण एका चाकावर ३०० किलो वजन आणि ३३ पीएसआय हवा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २.३ किलो, भागाकार करा, १३० चौरस सेंटिमीटर येतं, जेमतेम हाताच्या पंजाएवढं. हवा तेवढीच ठेवली तर रुंद टायरलाही साधारण तेवढाच पंजा मिळतो, फक्त आकार बदलतो, आखूड आणि पसरट होतो. वळणावर त्याचा फायदा आहे, मान्य. पण जुलैत रस्त्यावर पाणी साचलं की पसरट टायरला तेवढं जास्त पाणी बाजूला ढकलावं लागतं, आणि ते जमलं नाही तर गाडी पाण्यावर तरंगते.

मग करायचं काय? रिम ठेवायच्या असतील तर १९५/५५ आर १६ घ्यायचे, चाकाचं माप ६२१ च येतं, जुन्यापेक्षा अर्धा-एक मिलिमीटरचा फरक, आणि टायरवरचा भाराचा आकडा जुन्याइतका किंवा जास्त आहे ना तेवढं बघायचं. भिंत मात्र १२० ची १०७ मिमी होते, १३ मिमी उशी गेली. खड्ड्याचा दणका बसला की भिंत रिम आणि रस्त्याच्या मधे चेपते, आतले धागे तुटतात आणि बाहेर फुगा येतो, तो टायर मग फेकायचाच, त्याला पंक्चरवाला काही करू शकत नाही.

भाच्याने शेवटी तेच टायर घेतले. खर्र आवाज गेला, स्टेपनी पण आता मापात बसते. आतल्या प्लास्टिकवर घासल्याची काळी चकचकीत कमान तेवढी अजून तशीच आहे, आणि गाडी उंच दिसत नाही म्हणून स्वारी माझ्यावर थोडी नाराज आहे.