बाळाच्या रडण्यानं सुरू होणारं प्रेमगीत

अमेरिकन गायक-संगीतकार स्टीव्ही वंडरचं 'इझन्ट शी लव्हली' हे गाणं लग्नसमारंभांत वाजतं, हॉटेलांतले बँड वाजवतात, प्रेयसीच्या वाढदिवसाला हौशी गायक म्हणतात. मुखडा ऐकून तसं वाटणारच. किती गोड आहे ना ही, किती सुंदर, असं कुणीतरी भारावून म्हणतंय. पहिल्याच कडव्यात मात्र कळतं, की 'ही' जन्माला येऊन अजून एक मिनिटही झालेलं नाही. गाणं वंडरच्या लेकीवर, आयेशावर आहे. तिचा जन्म 1975चा. तेव्हा तो जेमतेम पंचविशीत होता.

त्याआधीची दोन वर्षं त्याच्यासाठी साधी नव्हती. ऑगस्ट 1973मध्ये नॉर्थ कॅरोलायनात मोटारीला भीषण अपघात झाला आणि तो काही दिवस बेशुद्ध होता. बरा झाल्यावर संगीताचा व्यवसाय सोडून घानाला जायचं, तिथल्या अपंग मुलांसाठी काम करायचं, असं त्याच्या मनात घोळत होतं. ते मागे पडलं, 1975च्या ऑगस्टमध्ये मोटाउन या रेकॉर्ड कंपनीशी भलामोठा करार झाला आणि एका अल्बमचं काम सुरू झालं. ते संपता संपेना. 1976मध्ये वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून ग्रॅमी घेताना गायक पॉल सायमननं वंडरचे आभार मानले होते, ते त्यानं त्या वर्षी अल्बम न काढल्याबद्दल! आधीची लागोपाठ दोन वर्षं तो मान वंडरनंच नेला होता.

'साँग्ज इन द की ऑफ लाइफ' अखेर सप्टेंबर 1976मध्ये आला. दोन एलपी म्हणजे मोठ्या तबकड्या, सोबत एक छोटी तबकडी, एकूण 21 गाणी. त्यांतलं हे एक.

गाण्याची सुरुवात नवजात बाळाच्या टाहोनं होते. तो टाहो आयेशाचा नाही. दुसऱ्याच एका प्रसूतीच्या वेळचा आहे. शेवटाकडे मात्र खरोखरची आयेशा आहे: आंघोळ चाललीय, पाण्याचा आवाज येतोय, बाप तिच्याशी बोलतोय. वंडर मुदतीआधी जन्मला होता आणि इन्क्युबेटरमधल्या जादा ऑक्सिजनमुळे त्याची दृष्टी गेली होती. लेकीचा चेहरा त्यानं कधी पाहिला नाही. त्यामुळे सौंदर्याचं एवढं कौतुक करणाऱ्या गाण्यात पुरावा म्हणून येतात ते आवाजच. माझ्या मते या गाण्याचा जीव त्या आंघोळीत आहे. शब्द तसे साधेच, जवळजवळ कुठल्याही बापाचे.

आणखी एक आवाज आहे, माउथ ऑर्गनचा. 1963मध्ये, तेरा वर्षांचा असताना, याच वाद्यावर त्यानं अमेरिकेत पहिला क्रमांक गाठला होता. इथे कडवी संपल्यावर तो माउथ ऑर्गन तोंडाला लावतो आणि पुढे कितीतरी वेळ खाली ठेवतच नाही. आयेशाच्या आईचंही गाण्यात नाव येतं. योलांडा सिमन्सला तो 'लाँडी' म्हणून हाक मारतो आणि तुझ्याशिवाय हे झालं नसतं, असं मोकळेपणानं सांगतो. म्हणजे प्रेमगीत समजणारे अगदीच चुकत नाहीत. जोडीदाराविषयीचं प्रेम आहेच, ते फक्त लेकीच्या वाटेनं आलंय.

हे सगळं मिळून गाणं साडेसहा मिनिटांचं झालं. सिंगल म्हणून, म्हणजे एका गाण्याची सुटी तबकडी म्हणून काढायचं तर कात्री लावणं भाग होतं. कापायला सोयीचा भाग कुठला, तर अर्थातच शेवटचा: माउथ ऑर्गन आणि आंघोळ. वंडरनं नकार दिला. म्हणून अमेरिकेत ते सिंगल निघालंच नाही आणि लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत त्याला जागा मिळाली नाही, तरी रेडिओनं ते उचलून धरलं. ब्रिटनमध्ये डेव्हिड पार्टन या गायकानं आपली आवृत्ती काढली आणि 1977मध्ये ती चौथ्या क्रमांकापर्यंत गेली. त्याच वर्षी जाझवादक सॉनी रॉलिन्सनं ते सॅक्सोफोनवर वाजवलं. तिथे शब्दच उरले नाहीत, मग बाळ कुठून उरणार? गाण्याचं नुसतं प्रेमगीत होणं बहुधा अशाच आवृत्त्यांतून घडत गेलं असावं.

आयेशा मॉरिस पुढे स्वतः गायिका झाली, वडिलांच्या दौऱ्यांत साथीला उभी राहिली. 2005च्या 'अ टाइम टु लव्ह' या त्याच्या अल्बममध्ये दोन गाणी बापलेकीनं मिळून गायली आहेत.