येताना चढ कुठून आला?

दरवर्षी मार्च आला की पेपरात एक ठरलेली बातमी येते, समुद्रावरचे वारे उशिरा सुरू झाले म्हणून सांताक्रूझला पारा चढला. आपण ती वाचतो, पंखा एक नंबरने वाढवतो आणि विसरतो. मीपण विसरायचो. पण मांडवा ते काशीद सायकलने जाऊन आल्यापासून त्या ओळीकडे मी जरा आदराने बघतो, कारण हे वारे वेळेवर सुरू झाले की काय होतं ते माझ्या मांड्यांना माहीत आहे.

झालं असं, की भाऊच्या धक्क्यावरून रो-रोमध्ये, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीत, सायकली घालून आम्ही चौघं मांडव्याला उतरलो. तिथून चोंढी, अलिबाग, मग आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा, खाडीवरचा पूल ओलांडून साळाव, कोर्लई, काशीद. धरून चाला ५० किलोमीटर, दिशा जवळजवळ सरळ दक्षिण आणि एखाददुसरा चढ सोडला तर रस्ता सपाट. जाताना नुसती मजा, गप्पा मारत, मध्येच कुणाच्या तरी वाडीतल्या सुपाऱ्या वाळत घातलेल्या बघत. काशीदला जेवलो, सुरूच्या सावलीत लोळलो, एकच्या सुमाराला परत फिरलो आणि तिथून पुढे जे सुरू झालं त्याला सायकलिंग म्हणत नाहीत, दळण म्हणतात. तोच रस्ता, त्याच सायकली, तेच पाय, आणि वेग ताशी २४-२५ किलोमीटरवरून १५-१६ वर. मी दोनदा खाली उतरून बघितलं की ब्रेक चाकाला घासतोय का.

बोट चुकली ते सांगायला नकोच.

धक्क्यावर बसलेलो असताना आमच्यातला एक म्हणाला, अरे जाताना वाऱ्याने ढकललं, येताना अडवलं, हिशोब फिट्टंफाट. हे वाक्य मी आजवर इतक्या जणांकडून ऐकलंय, आणि खरं सांगायचं तर मी स्वतःसुद्धा इंजिनिअर असून हेच मानायचो. हे चूक आहे. थोडंसं नाही, चांगलंच चूक आहे, आणि का चूक आहे ते मला इतकं आवडतं की बाकीचा लेख त्यातच जाणार आहे.

सपाट रस्त्यावर सायकलवाल्याला अडवणाऱ्या गोष्टी मुख्य दोनच, टायर रस्त्यावर दबत दबत फिरतो त्याचा रोध आणि हवा. टायरचा रोध वेग वाढला तरी फारसा बदलत नाही. हवेचं तसं नाही, हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट तर रोध चौपट. पण कोणता वेग? इथे खरी गंमत आहे. रस्त्याला तुमचा रस्त्यावरचा वेग कळतो, हवेला तो कळत नाही, हवेला फक्त तिच्या तुलनेत तुम्ही किती जोरात येताय एवढंच कळतं. तुम्ही २५ ने चाललाय आणि समोरून १५ चा वारा आहे, तर हवेच्या लेखी तुम्ही ४० ने चाललाय. वारा पाठून असेल तर १०. आता ४० चा वर्ग १६००, १० चा वर्ग १०० आणि वारा नसतानाच्या २५ चा वर्ग ६२५. पाठच्या वाऱ्याने ६२५ मधले ५२५ वाचवले, समोरच्याने ९७५ वाढवले. फिट्टंफाट कुठे झालं?

आता हे पायांच्या भाषेत. सायकल धरून ८५ किलोचा माणूस, बसणं साधं, म्हणजे रेसवाल्यांसारखं हँडलवर झोपलेला नाही, रस्ता बरा. वारा नसताना २५ चा वेग टिकवायला त्याला साधारण १०५ वॅट लागतात, म्हणजे आपला जुना सीलिंग फॅन अधिक एखादा बल्ब. समोरून १५ चा वारा असताना तोच २५ टिकवायचा तर सव्वादोनशे वॅट. तीन पंखे! तासन् तास तीन पंखे चालवणं आमच्यासारख्या रविवारच्या माणसाचं काम नाही, त्यामुळे आपण काय करतो, १०५ वरच राहतो आणि वेग पडू देतो. किती पडतो? गणित केलं तर १७ वर. आणि पाठून तोच वारा असेल तर त्याच १०५ मध्ये साडेचौतीस.

इथे जरा थांबा. १७ आणि साडेचौतीस यांची सरासरी काढा. पावणेसव्वीस येते, म्हणजे २५ पेक्षा जास्त! वाऱ्याने उलट फायदाच केला की काय? नाही, कारण सरासरी अशी काढायचीच नसते. साडेचौतीसने तुम्ही ५० किलोमीटर १ तास २७ मिनिटांत उडवता, १७ ने त्याच अंतराला २ तास ५६ मिनिटं लागतात. म्हणजे चांगल्या वाऱ्यात तुम्ही थोडा वेळ असता आणि वाईट वाऱ्यात दुप्पट. एकूण ४ तास २३ मिनिटं, वारा नसता तर ४ तास. जाऊन-येऊन प्रवासात वारा कधीच फुकट काही देत नाही, २३ मिनिटांचं कमिशन कापतो. आमच्या वाट्याला तर सकाळी ढकलणारा वारा नावालाच होता, त्यामुळे आमचं कमिशन आणखी मोठं.

समोरचा वारा म्हणजे अदृश्य चढ असं म्हणतात, तर तो किती चढ हेपण काढता येतं. वरच्याच माणसाला १५ च्या वाऱ्यात २५ टिकवायला जो जादा जोर लागतो तो सुमारे २ टक्के चढाएवढा भरतो. २ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. पण ५० किलोमीटर सलग २ टक्के म्हणजे १००० मीटर उंची, आणि माथेरान समुद्रसपाटीपासून ८०० मीटरच्या आसपास आहे. म्हणजे नारळाच्या बागांमधून, समुद्र डाव्या हाताला ठेवून, आपण माथेरानच्याही वर चढत असतो.

बरं, वारा बरोबर बाजूने आला तर? लोक म्हणतात मग फरक पडत नाही, फक्त सायकल डुगडुगते. पडतो. तुमचे २५ आणि बाजूचे १५ यांचा काटकोन त्रिकोण करा, पायथागोरसने कर्ण २९ च्या वर जातो, तेवढ्या वेगाने हवा अंगावर येते, तिरकी येते, पण तिचा जो हिस्सा मागे ढकलतो तो नुसत्या २५ पेक्षा सुमारे १७ टक्के जास्त असतो. वारा तुमच्या काटकोनाच्या आठेक अंश मागे सरकला की मग कुठे तो ना नफा ना तोटा होतो. म्हणजे ३६० अंशांपैकी १९६ अंश तुमच्या विरुद्ध आणि १६४ बाजूने. ज्यांना पटत नसेल त्यांनी कागदावर बाण काढून बघा, बाकीच्यांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल, मी तो लिहिल्याशिवाय राहू शकलो नसतो एवढंच.

आता तो वारा नेमका दुपारीच का आणि नेमका समोरूनच का. खारे वारे आणि मतलई वारे शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेत, दिवसा जमीन लवकर तापते, पाणी हळू तापतं, कारण विशिष्ट उष्माधारकता, म्हणजे तेवढंच तापायला पाण्याला जास्त उष्णता लागते. उत्तर बरोबर आहे पण अर्धं. पाण्यात ऊन खोलवर जातं आणि लाटा ते वरखाली ढवळत राहतात, त्यामुळे उष्णता मोठ्या थरात वाटली जाते, जमिनीत मात्र वरच्या काही सेंटिमीटरमध्येच सगळी अडकते. जमिनीवरची हवा फुगते, उंचावरून समुद्राकडे सरकते, जमिनीलगतचा दाब किंचित घटतो आणि समुद्रावरची हवा आत यायला लागते. साधारण दहा-अकराला सुरुवात, दोन ते चारमध्ये जोर. रात्री उलटं होतं, पण तेव्हा फरक कमी असतो म्हणून मतलई वारे बिचारे अशक्तच.

पण मग हा वारा पश्चिमेकडून यायला पाहिजे, म्हणजे उत्तरेला निघालेल्या आम्हाला बाजूने. सुरुवातीला तसाच येतो. नंतर पृथ्वी फिरते त्यामुळे तो उजवीकडे वळत जातो, उत्तर गोलार्धात सगळंच तसं वळतं. घर्षण वगैरे सोडून दिलं तर अलिबागच्या अक्षांशाला पूर्ण फेरा व्हायला ३७-३८ तास लागतात, म्हणजे पाच तासांत ४५-५० अंश. पश्चिमेचा वारा दुपारपर्यंत वायव्येचा होतो, आणि वायव्येचा वारा म्हणजे मांडव्याकडे निघालेल्या माणसाच्या तोंडावर. थंडी-उन्हाळ्यात या किनाऱ्यावर एरवीही वायव्येचाच कल असतो, तो यात मिसळतो. पावसाळ्यात नैऋत्य वारे हे रोजचं चक्रच मोडून टाकतात, तेव्हा येताना वारा पाठीशी असेल.

रेवदंड्याच्या अलीकडे एका टपरीवर चहा घेताना तिथल्या काकांनी आम्हाला बजावलं होतं की पुलावर जपून, तिथे मागून ओढतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून ते गंमत करत नव्हते. येताना खरोखरच ओढलं. चौल-नागावच्या वाडीत नारळ, सुपाऱ्या, घरं, कुंपणं सगळी मिळून वारा खाऊन टाकतात. हवामानाच्या अॅपवर जो वारा दिसतो तो १० मीटर उंचीवरचा असतो, वाडीत सायकलवाल्याच्या छातीपर्यंत त्याचा एक-तृतीयांश पोचला तरी खूप, खाडीवर मात्र अडवायलाच कुणी नाही, त्यात पूल उंच, म्हणजे जवळजवळ सगळाच अंगावर. तीनशे मीटरमध्ये वारा दुप्पट-तिप्पट झाला आणि वाऱ्याचा वर्ग होतो हे माहीत नसेल तर कुणालाही वाटेल की मागे कुणीतरी बसलंय. काकांचं निरीक्षण शंभर टक्के खरं, फक्त ओढणारा मागे नाही, पुढे आहे.

यावर उपाय एकच जुना, दुसऱ्याच्या चाकामागे चाक लावणं. मागच्याचे तीसेक टक्के कष्ट सहज वाचतात, आळीपाळीने पुढे जायचं. हवा पूर्णच बाजूला केली तर काय होतं याचा कळस म्हणजे डेनिस म्युलर-कोरेनेक, २०१८ मध्ये अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर एका रेसिंग गाडीच्या आडोशाने तिने सायकल ताशी २९६ किलोमीटरने चालवली. वायव्येच्या वाऱ्यात मात्र आडोसा तिरका मिळतो, मागच्याला उजव्या बाजूला सरकून चालावं लागतं, आणि आपल्या रस्त्यावर उजव्या बाजूला समोरून एसटी असते.

आमच्यातल्या एकाने उपाय म्हणून साडेतीन हजारांचं चुंबकीय ब्रेसलेट घेतलंय, रक्तातलं लोह म्हणे जागं होतं. रक्तातलं लोह हिमोग्लोबिनमध्ये बांधलेलं असतं, ते खिळ्यासारखं चुंबकाला चिकटत नाही. बरं, ते ब्रेसलेट घालून हा गृहस्थ गेला कुठे तर अलिबागला, जिथे १९०४ पासून चुंबकीय वेधशाळा आहे, कुलाब्याहून ती हलवली कारण मुंबईत विजेच्या ट्रामा येणार होत्या आणि त्यांच्या प्रवाहाने वेध बिघडले असते.

दुसऱ्या खेपेला आम्ही शहाणपणा केला. शनिवारी दुपारी काशीदकडे, वारा पाठीशी, रात्री तिथेच मुक्काम, आणि रविवारी पहाटे साडेपाचला परत. झावळ्या जागच्या जागी, पुलावर खाडी आरशासारखी, वारा होता तो जमिनीकडून, गालाला लागेल न लागेल एवढा. सव्वादोन तासांत मांडवा. धक्क्यावर सायकली टेकवल्या, तर ब्रेसलेटवाल्याने हात वर करून दाखवला आणि म्हणाला, बघ, काम करतंय ना?