एक जीव वाचवायला हजार तपासण्या

‘उपचारापेक्षा प्रतिबंध बरा’ हे आपण शाळेपासून ऐकत आलो. बरा आहेच. पण तो स्वस्तही असतो, हे आपण परस्पर गृहीत धरतो आणि तिथे हिशेब चुकतो.

धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यात 1999 मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर एक मोठा अभ्यास सुरू झाला. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रिया त्यात वेगवेगळ्या गटांत होत्या; त्यांतले दोन गट पाहू. एका गटातल्या 34,126 जणींसाठी एचपीव्ही या विषाणूची (यानेच हा कर्करोग होतो) चाचणी होती, तीही एकदाच. दुसऱ्या गटातल्या 31,488 जणींची वेगळी तपासणी केली नाही. आठ वर्षांत या कर्करोगाने पहिल्या गटात 34 मृत्यू झाले, दुसऱ्यात 64. म्हणजे हजारी मृत्यू दोनावरून एकावर आले. खेड्यापाड्यांतल्या बायांसाठी ही किती मोठी गोष्ट आहे!

आता पैशाकडे पाहू. जीव वाचला हजारात एकीचा, खर्च मात्र हजारही जणींवर झाला: चाचणीचा संच, गावोगाव जाणाऱ्या आरोग्यसेविका, प्रयोगशाळा, शंका आली तर पुढची तपासणी. हे सगळं मिळून टळलेल्या उपचारांहून स्वस्त पडलं, तरच बचत. अमेरिकेतल्या संशोधकांनी 2008 मध्ये असे शेकडो अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा पाचातल्या एकाहून कमी प्रतिबंधक उपायांनी निव्वळ पैसा वाचवलेला दिसला.

लसींचं गणित पुष्कळदा वेगळं असतं. देवीचा रोग हटवायला जगाला सुमारे 30 कोटी डॉलर लागले. आता दरवर्षी 100 कोटींहून जास्त वाचतात, कारण रोगच गेल्यावर लस टोचायचा खर्चही गेला.

पण बायपासला निघालेल्या माणसाला ‘यातून किती पैसे वाचतील?’ असं आपण विचारतो का? तिथे आपण आयुष्याची किती वर्षं मिळतील ते पाहतो. मला वाटतं, तपासणीलाही तोच प्रश्न विचारावा: एवढ्या पैशांत निरोगी वर्षं किती मिळाली?

तो विचारला की कोणाला आणि किती वेळा तपासायचं, हे महत्त्वाचं ठरतं. धडधाकट तरुणाने दरवर्षी साठ-सत्तर चाचण्यांचं पॅकेज घेतलं, तर खर्च वाढतो, खोट्या शंकाही वाढतात. याउलट जागतिक आरोग्य संघटनेचं उद्दिष्ट आहे की 70 टक्के स्त्रियांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी खात्रीशीर चाचणी वयाच्या 35 पर्यंत आणि पुन्हा 45 पर्यंत व्हावी. आयुष्यात फक्त दोनदा. सरकारी पैसा आधी तिथे जावा.