अतुल डोडियांच्या शटरवरची लक्ष्मी

चित्रकार अतुल डोडिया यांच्या 2002 सालच्या 'महालक्ष्मी' या चित्रकृतीत दुकानाला असतं तसं लोखंडी शटर आहे. त्यावर एनॅमल रंगात कॅलेंडरवरची लक्ष्मी. शटर वर सरकवलं की मागच्या कॅनव्हासवर हुंड्यापायी गळफास घेतलेल्या तीन बहिणी दिसतात. देवी आणि वर्तमानपत्रातली बातमी अशी पाठीला पाठ लावून ठेवणं हे धाडस आहेच. पण त्यामागे मुंबईतली छापील देवचित्रांची शंभर वर्षांची परंपरा आहे आणि तिच्याकडे फार कमी लक्ष दिलं जातं.

राजा रविवर्मांनी 1894मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. तिथली छपाई दगडावर चित्र काढून करायची, म्हणजे लिथोग्राफीची: रंगागणिक वेगळा दगड आणि एकाच कागदावर एकामागून एक ठसे. त्यातून पुराणातल्या देवता साडी नेसून, ओळखीच्या बाईसारख्या घराघरांत आल्या. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांनाही देव भिंतीवर लावता आला. मला ही त्या छापखान्याची सर्वांत मोठी कामगिरी वाटते.

त्याच छापखान्यासाठी दादासाहेब फाळक्यांनी काम केलं आणि 1913मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. म्हणजे पुराण, छापील चित्र आणि सिनेमा यांची सांगड आपल्याकडे पहिल्यापासूनच आहे. कोल्हापुरात बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाकडे वळले. चित्रकार एम. एफ. हुसेन तर उमेदवारीच्या काळात मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवत.

तरीही अशा छापील देवचित्रांसाठीचा 'कॅलेंडर आर्ट' हा शब्द कलावर्तुळात हिणवण्यासाठीच वापरला जाई. मुंबईत जन्मलेले चित्रकार भूपेन खख्खर यांनी साठच्या दशकात बडोद्यात बाजारातल्या देवांच्या तसबिरी कापून चित्रांत चिकटवल्या, तेव्हा ही अढी सुटायला लागली.

डोडिया 1959चे, घाटकोपरच्या गुजराती कुटुंबातले. 1982मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून बाहेर पडले. 1994च्या 'बॉम्बे बकॅनियर'मध्ये त्यांनी 'बाजीगर'च्या पोस्टरवर शाहरुखच्या जागी स्वतःला रंगवलं. गॉगलच्या एका काचेत ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी, दुसरीत खख्खर. आपण कोणाचं देणं लागतो, हे इतक्या उघडपणे सांगणारे चित्रकार थोडे.

शटरं त्यानंतर आली. दंगलीत धडाधड खाली ओढली जाणारी शटरं मुंबईकरांच्या चांगलीच परिचयाची. डोडियांची पहिली रंगवलेली शटरं 2001 साली लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात, महानगरांवरच्या प्रदर्शनात, मुंबईच्या दालनात लागली.