पिनेतली करकर आणि रेडिओतला पारा

मागच्या महिन्यात ठाण्याच्या नौपाड्यात आमच्या शेजारच्या काकूंकडे भंगारवाला आला आणि माळ्यावरचा व्हॉल्व्हचा रेडिओ बघून म्हणाला, ह्यात लाल पारा असतो, निघाला तर पाच हजार देतो. काकूंना व्हॉट्सअॅपवर तसलाच व्हिडिओ आलेला, त्या खरंच फोडायला निघाल्या होत्या. मी म्हटलं काकू थांबा, लाल पारा नावाची वस्तूच नाही, ही शुद्ध फसवणूक आहे. व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओतला बल्बसारखा काचेचा भाग, त्याच्या काचेत आतून जो चंदेरी आरसा दिसतो तो बेरियमचा थर, आत उरलेले वायू शोषून घ्यायला मुद्दाम दिलेला, काच तडकून हवा शिरली की तो पांढरा पडतो. फोडून हातात फक्त काचा येणार.

रेडिओ माळ्यावर का गेला, तर म्हणे "आवाज मोठा केला की करकरतो". ठाण्यात असे सेट अजून बऱ्याच घरांत निघतात, मर्फीचा कारखानाच इथे होता. मी खाली काढून बघितला तर सर्किट ठीक वाटलं, लोचा होता मागच्या मेन वायरच्या प्लगमध्ये. हा प्लग मागच्या पुठ्ठ्यालाच बसवलेला असतो, पुठ्ठा काढला की करंट आपोआप तुटतो. फार शहाणी सोय आहे, कारण एसी-डीसी सेटमध्ये (दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणाऱ्या) मेनची एक वायर थेट चॅसीला, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्याला, जोडलेली असते, म्हणजे प्लग उलटा लागला तर चॅसीलाच फेज. पण ह्या प्लगच्या ज्या दोन नळ्यांत सेटच्या पिना शिरतात, त्यांच्यामधलं अंतर आजच्या कुठल्याच प्लगशी जुळत नाही, मुंबईच्या लोहार चाळीत चार दुकानं फिरलो, नाही मिळाला. सगळे एकच सांगतात, तोडून टाका आणि वायर डायरेक्ट डाखा. ते मी कधीच करणार नाही, कारण मग पुठ्ठा उघडणाऱ्याचा हात जिवंत चॅसीवर.

आता करकर का, हे बघण्यासारखं आहे. आपल्याला वाटतं पितळी पिन पितळी नळीत घट्ट बसली म्हणजे सगळीकडून चिकटली. तसं नसतं. कितीही गुळगुळीत पितळ सूक्ष्म पातळीवर डोंगराळच असतं आणि फक्त शिखरं एकमेकांना टेकतात. हिशोब करून बघा: नळी पिनेला ५ न्यूटनने, म्हणजे साधारण अर्ध्या किलोच्या वजनाइतकी दाबते, पितळाचा कठीणपणा चौरस मिलिमीटरला साधारण १००० न्यूटन, भागाकार केला की खरा स्पर्श ०.००५ चौरस मिलिमीटर. पिनेचं अंग दोनेकशे चौरस मिलिमीटर, म्हणजे चाळीस हजारातला एक भाग! सगळा करंट त्या टिंबांतून चेपून जातो. रागनार होल्म ह्या शास्त्रज्ञांनी ह्या टिंबांचा आयुष्यभर अभ्यास केला.

तरी दाब चांगला असेल तर ह्या टिंबांचा करंटला होणारा रोध मिलीओहमच्या, म्हणजे अगदी नगण्य, घरात असतो. आणि काकूंचा रेडिओ ४५ वॉटचा धरला तर २३० व्होल्टला करंट ०.२ अँपिअर, म्हणजे गिझरच्या पिनेसारखं तापून जळणं इथे नाही. इथे वेगळंच होतं. नळीची स्प्रिंग सैल पडते, ठाण्याची दमट हवा, त्यात खाडीकडून कुजक्या अंड्याचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड, ज्याने चांदीचे पैंजण काळे पडतात तोच, पितळातल्या तांब्यालाही सोडत नाही. शिखरांवर पापुद्रा चढतो आणि तो करंट जाऊ देत नाही. पण पापुद्रा समजा १० नॅनोमीटरचा, त्यावर नुसते ५ व्होल्ट पडले तरी मीटरमागे ५० कोटी व्होल्टचं क्षेत्र, तो फुटतो, आणि त्या भोकातून वितळलेल्या धातूचा केसाहून कितीतरी बारीक पूल तयार होतो. म्हणून मल्टिमीटरच्या इवल्याशा व्होल्टेजला वायर तुटलेली दिसते आणि रेडिओ मात्र वाजतो. स्पीकरच्या धक्क्याने पूल तुटतो, ठिणगी पडते, ठिणगी म्हणजे रेडिओलहरी, त्या सेटच पकडतो. आवाज वाढवला की करकर वाढते ती अशी.

ह्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे रेडिओचा जन्मच असल्या खराब कॉन्टॅक्टमधून झालाय. १८९० मध्ये फ्रान्सच्या ब्रान्लीने दाखवलं की काचेच्या नळीत सैल भरलेला धातूचा कीस करंट जाऊ देत नाही, पण जवळपास ठिणगी पडली की अचानक जाऊ देतो. हाच कोहिरर, मार्कोनीने सुरुवातीला हाच वापरला. त्याची अडचण अशी की एकदा चिकटला की टिचकी मारून सोडवावा लागे, आपण प्लग हलवतो ना तसं. आपल्या जगदीशचंद्र बोसांनी लोखंड आणि पाऱ्याचा असा कोहिरर केला जो लहर गेली की आपोआप पूर्वपदावर येई, १८९९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याचा निबंध गेला. तेव्हा रेडिओच्या इतिहासात पारा आहे, साधा चंदेरी पारा, तो काकूंच्या सेटमध्ये नाही एवढंच.

मग प्लग केला दुरुस्त. प्लगचं अंग बॅकेलाइटचं, म्हणजे जुन्या कडक प्लास्टिकचं, आणि त्याला चीर गेलेली. बॅकेलाइट एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही, त्यामुळे चीर डाखता येत नाही, तिच्यात दोन ट्यूबांतून मिसळायचा एपॉक्सी गोंद भरला आणि रात्रभर रबर बँडने बांधून ठेवला. प्लगच्या पितळी नळ्या नुसत्या पक्कडने दाबून उपयोग नसतो, जुनं पितळ परत सैल पडतं, म्हणून पॉलिश पेपर न वापरता आधी खोडरबर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ केल्या, मग बाहेरून स्टीलच्या बारीक स्प्रिंगचं एकेक कडं चढवलं. करंट पितळ नेईल, दाब स्टील देईल. रबरी वायर तडकली होती, ती बदलली, पण स्क्रूखाली जाणाऱ्या टोकाला सोल्डर दिलं नाही, सोल्डर दाबाखाली हळूहळू पसरतं आणि स्क्रू ढिला होतो.

सिरीज बल्ब (बिघाड असला तर करंट अडवणारा, वायरीत मध्ये जोडलेला) लावून चालू केला, बल्ब आधी लख्ख पेटला आणि व्हॉल्व्ह तापले तसा मंद झाला. मग बल्ब काढून थेट लावला, आवाज पूर्ण वाढवला आणि लाकडी पेन्सिलीने प्लग वरून खालून ठोकला. काकू म्हणाल्या, "अहो, गाणं तर ऐकू द्या."