बाल अत्याचाराचे माध्यमांतील चित्रण (मराठवाडा)

मुलांवर होणारे लैंगिक व शारीरिक अत्याचार चित्रपट, लघुपट, मालिका, बातमी, नाटक किंवा मोबाइलवरील चित्रफितीतून मांडताना काय दाखवावे, ते कोणाकडून करून घ्यावे आणि कोणाची ओळख झाकावी, यासंबंधीचा नीतिविचार. यातले कायदे देशभर एकच आहेत. पण छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर आणि धाराशिव या आठ जिल्ह्यांत ते पाळताना काही अडचणी अशा येतात, ज्या मुंबई-पुण्यात बसून लिहिलेल्या नियमावल्यांत सहसा दिसत नाहीत. मुख्य अडचण गावाच्या आकाराची आहे. शंभर उंबऱ्यांच्या तांड्यावर सगळे सगळ्यांना ओळखतात. तिथे मुलीचे नाव झाकले आणि तांड्याचे नाव छापले, तर काहीच झाकले गेलेले नसते.

ओळख आणि बातमी

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ (पोक्सो) १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. त्याचे कलम २३ थेट माध्यमांसाठी आहे. बालकाचे नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंबाची माहिती, शाळा, शेजार किंवा ज्यावरून ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करता येत नाही. बालकाच्या हिताचे आहे असे वाटले तरच विशेष न्यायालय कारणे लेखी नोंदवून परवानगी देऊ शकते. उल्लंघनाला किमान सहा महिने ते एक वर्ष कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत, आणि वार्ताहराबरोबर प्रकाशक व मालकही जबाबदार धरले जातात. तालुक्याच्या ठिकाणी स्वतःचे यूट्यूब चॅनल चालवणारा माणूस एकाच वेळी वार्ताहर, संपादक आणि मालक असतो. ही जबाबदारी त्याच्या एकट्याच्या डोक्यावर येते. बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७४ हीच बंदी काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या, साक्षीदार असलेल्या आणि कायद्याशी संघर्ष आलेल्या मुलांनाही लावते. सर्वोच्च न्यायालयाने निपुण सक्सेना खटल्यात ११ डिसेंबर २०१८ रोजी स्पष्ट केले की दुरान्वयानेही ओळख पटेल असे काही छापता येणार नाही, आणि हे बंधन पीडित व्यक्ती मरण पावली तरी सुटत नाही.

कायद्यातील ‘शेजार’ हा शब्द मराठवाड्यात सर्वाधिक तुडवला जातो. बातमी पुष्कळदा पोलिसांच्या फिर्यादीवरून जशीच्या तशी उतरवलेली असते: अमुक तालुक्यातील अमुक वाडी, सहावीत शिकणारी मुलगी, आई-वडील अमुक कारखान्यावर ऊसतोडीला गेलेले, घरी आजी. नाव कुठेच नाही, आणि तरीही गावातल्या कोणालाही मुलगी कोण हे शोधावे लागत नाही. ऊसतोडीचा हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. मुकादमाकडून उचल घेऊन जोडपी, म्हणजे कोयते, टोळीने निघतात. कोणती टोळी कोणत्या कारखान्यावर गेली आणि कोणाच्या घरी लेकरे म्हाताऱ्यांजवळ राहिली, हे सगळ्या वस्तीला तोंडपाठ असते. त्यामुळे आरोपीचे नाते सांगितले की मुलगी कळते, आश्रमशाळेचे नाव सांगितले की इयत्तेवरून मुलगा कळतो.

याची किंमत वार्ताहराला दिसत नाही, कारण ती बातमी शिळी झाल्यावर मोजावी लागते. शाळा सुटते. पाहुणे-रावळे विचारणा करू लागतात. पुढे सोयरीक जमवताना ते जुने कात्रण किंवा चित्रफीत कोणीतरी नेमकी मोबाइलवर दाखवते. कुटुंब अनेकदा याच भीतीने तक्रार मागे घ्यायला तयार होते आणि गावातली मिटवामिटवी यशस्वी होते. ओळख फोडणारी बातमी अशा वेळी आरोपीच्या कामाला येते.

आईचा ‘बाइट’, म्हणजे कॅमेऱ्यासमोर घेतलेली छोटी प्रतिक्रिया, हा प्रकार वेगळा नोंदवायला हवा. कॅमेऱ्यासमोर आईने तोंडावर पदर घेतलेला असतो, पण तिचा आवाज, बोलण्याची ढब, मागची पत्र्याची भिंत, दारातली मोटारसायकल हे सगळे गावाला ओळखीचे असते. चेहरा धूसर करणे ही तांत्रिक सोय आहे, तेवढ्याने कलम २३ पाळले जात नाही. बाइट न घेणे हाच इथे सरळ मार्ग आहे. घटनेची माहिती पोलीस, सरकारी वकील किंवा बालकल्याण समितीकडून घेता येते, आणि जिल्ह्याखालचा भूगोल गाळूनही बातमी पूर्ण होते.

बालविवाहाच्या बातम्या या चौकटीत कोणी धरत नाही, धरायला हव्यात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार २० ते २४ वर्षे वयाच्या महिलांपैकी १८ वर्षांआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के होते. परभणीत ते सुमारे ४८ टक्के, तर बीडमध्ये ४३ टक्क्यांच्या पुढे होते. लग्न थांबवणाऱ्या ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका आणि पोलिसांचे कौतुक व्हायलाच हवे. पण मांडवात हळद लागलेल्या मुलीला मध्ये उभे करून काढलेला फोटो ‘बालविवाह रोखला’ या मथळ्याखाली मोबाइलवरच्या गटागटांत फिरतो, तेव्हा तिची सुटका तिच्याच नावावर डाग म्हणून चिकटते. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑक्टोबर २०१७ च्या निकालानंतर १८ वर्षांखालील पत्नीशी ठेवलेला संबंध बलात्कारच ठरतो. झालेल्या बालविवाहाची बातमी ही पुष्कळदा पोक्सोच्या पीडितेचीच बातमी असते.

शोक आणि संताप यांनाही ओळख फोडण्याचा हक्क नाही, ही गोष्ट पचायला सर्वांत जड जाते. २०१६ मध्ये नगर जिल्ह्यात एका शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला, आणि त्यानंतर ९ ऑगस्ट २०१६ रोजी औरंगाबादेतून मराठा क्रांती मोर्चांची सुरुवात झाली. पुढे तिच्या गावाचे नावच खटल्याचे नाव झाले. या नोंदीत ते मुद्दाम दिलेले नाही. निपुण सक्सेना निकालात न्यायालयाने नेमके हेच हाताळले आहे: पीडितेला आंदोलनाचे प्रतीक करण्यासाठी नाव जाहीर करायचे असल्यास जवळच्या नातलगांनाही सत्र न्यायाधीशांकडेच जावे लागते. चौकातल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर लावलेला शाळेच्या गणवेशातला फोटो या निकालाच्या विरोधात जातो.

चित्रपट, लघुपट आणि कॅमेऱ्यासमोरचे मूल

चित्रपट प्रमाणनाच्या १९९१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मुले हिंसेची बळी, कर्ती किंवा जबरदस्तीची साक्षीदार दाखवणारी, तसेच मुलांवरील कोणताही अत्याचार दाखवणारी दृश्ये विनाकारण घालू नयेत असे म्हटले आहे. ‘विनाकारण’ कशाला म्हणायचे, यावर सगळा वाद आहे. के. ए. अब्बास खटल्यात (१९७०) सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी कसोटी दिली होती: विषय कोणता यापेक्षा तो कसा हाताळला हे पाहावे. बलात्कारासारखा विषयसुद्धा कलावंताला वर्ज्य नाही. ही कसोटी उदार आणि योग्य होती. पण तिने एक गोष्ट गृहीत धरली होती, की प्रेक्षक चित्रपट सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहील.

आज ते गृहीतक उरलेले नाही. चित्रपटातले अत्याचाराचे अर्ध्या मिनिटाचे दृश्य कापून वेगळ्याच मथळ्याखाली मोबाइलवर फिरवले जाते. दिग्दर्शकाने आधी व नंतर उभी केलेली सगळी सहानुभूती त्यातून गळून पडते आणि उरते ती फक्त कृती, अत्याचार करणाऱ्याला हवी तशी. म्हणून प्रत्यक्ष कृती न चित्रित करणे ही आता अभिरुचीपुरती बाब राहिलेली नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पोक्सोतील बाल-अश्लील साहित्याच्या व्याख्येत संगणकाने तयार केलेली आणि बालक असल्याचा भास देणारी प्रतिमाही येते. ‘नट सज्ञान होता’ एवढे सांगून लैंगिक कृतीचे उघड दृश्य सुटेलच असे नाही.

न दाखवताही सांगता येते. ‘हायवे’ (२०१४) या हिंदी चित्रपटात नायिकेच्या बालपणीचा अत्याचार केवळ तिच्या तोंडून कळतो, आणि प्रेक्षक हादरतो. मराठवाड्याला तर ही रीत नवी नाही. पैठणच्या एकनाथांच्या भारुडात मोठा माणूसच आंधळा, मुका, जोशी होऊन उभा राहतो, आणि समोरचा प्रेक्षक जे डोळ्यांना दिसत नाही तेही पाहतो. महाविद्यालयीन एकांकिका आणि पथनाट्यांत मुलाची भूमिका सज्ञान विद्यार्थ्याने करणे हे याच परंपरेतले आहे. रंगमंचावर हा मार्ग निःसंशय सर्वांत सुरक्षित.

कॅमेऱ्याला खरे मूल लागते, आणि तिथे प्रश्न कठीण होतो. बालकामगार नियमांतील २०१७ च्या दुरुस्तीनुसार ज्या जिल्ह्यात चित्रीकरण आहे तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. बालकलाकाराकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि सलग तीन तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. उत्पन्नाचा किमान २० टक्के भाग त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जमा करावा लागतो. पाच मुलांमागे किमान एक जबाबदार व्यक्ती लागते, आणि मुलाची स्वतःची संमतीही हवी. स्पर्धांसाठी मोबाइलवर लघुपट करणाऱ्या तरुणांना हे नियम आपल्यालाही लागू होतात हे अनेकदा माहीतच नसते. त्यांचा हेतू चांगला असतो. तरीही शेजारच्या सात वर्षांच्या मुलीला ‘घाबरल्यासारखं कर’ म्हणून दहा वेळा रडवले जाते, तेव्हा हेतू तिच्या उपयोगाचा नसतो.

संमती वरवरची असून चालत नाही. पालकांनी सही केली म्हणजे मुलाला कथा कळली असे होत नाही, आणि कथा पूर्ण समजावून सांगणे हेच कधीकधी मुलावर ओझे ठरते. चांगले दिग्दर्शक मुलाला त्या प्रसंगापुरती वेगळी, त्याच्या वयाची गोष्ट सांगतात, मोठ्या नटाची आणि मुलाची दृश्ये वेगवेगळ्या दिवशी घेतात, आणि अर्थ संकलनाच्या टेबलावर जुळवतात. मूल अत्याचारी पात्राबरोबर एका खोलीत कधी येतच नाही. मराठवाड्यातील गावांतून नवखी मुले निवडण्याची जी चांगली पद्धत रुळली आहे तिला एक जादा जबाबदारी चिकटते: चित्रीकरण संपल्यावर ते मूल त्याच गावात, त्याच शाळेत राहणार असते. पडद्यावर त्याच्याशी जे झाले ते खरेच झाले असे समजून चिडवणारी पोरे वर्गात असतात. चित्रपट गावात दाखवण्याआधी शिक्षकांशी आणि पालकांशी बोलणे हा निर्मितीचाच भाग मानला पाहिजे.

खोटे ठसे

कोणाचा अत्याचार आणि कुठला अत्याचार दाखवला जातो, हाही नीतीचाच प्रश्न आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत पोक्सोखालील बलात्कारांच्या ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. पडद्यावर मात्र उसाच्या फडातून निघणारा अनोळखी माणूस जास्त भेटतो. महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अभ्यासात महाराष्ट्रासह १३ राज्यांतील मुलांचा समावेश होता, आणि लैंगिक अत्याचार सांगणाऱ्यांत निम्म्याहून अधिक मुलगे होते. मुलग्यांवरील अत्याचाराचे मराठी चित्रण जवळजवळ नाहीच. पोक्सो मुलगा-मुलगी भेद करत नाही, पटकथा करतात.

दुष्काळ, कर्ज, तांडा, पारधी वस्ती यांच्याशी अत्याचार बांधून टाकण्याची सवय तर विशेष घातक आहे. स्थलांतर आणि गरिबी मुलांना उघड्यावर टाकते हे खरे आहे. कोपीवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीत, राहणाऱ्या मुलींना दार नसते, हेही खरे आहे. पण प्रत्येक कथा भेगाळलेल्या जमिनीवरच घडली, की शहरातला प्रेक्षक हे ‘तिकडचे’ दुःख म्हणून पाहतो, आणि बंगल्यातला काका, शिकवणीचा सर, वसतिगृहाचा अधीक्षक सुटून जातो. एका जमातीची रीत म्हणून अत्याचार दाखवणे म्हणजे त्या जमातीच्या प्रत्येक मुलाला शाळेत दुसऱ्यांदा दुखावणे.

याची दुसरी बाजू सौंदर्याची. लोहा तालुक्यातील माळेगावच्या यात्रेसारख्या खंडोबाच्या ठिकाणांभोवती वाघ्या-मुरळीची परंपरा आहे. मुलगी देवाला वाहणे २००५ च्या महाराष्ट्र देवदासी प्रथा निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. भंडाऱ्याची उधळण, हलगी आणि संथ गतीचा कॅमेरा यांत कोवळ्या मुलीचे देवाशी लग्न रंगवले, तर डोळ्यांना सुख मिळते आणि तिच्यावर काय लादले जाते आहे ते झाकले जाते.

न्यायालयाची दृश्ये सर्वांत नुकसानकारक ठरतात. गच्च भरलेल्या दालनात मूल आरोपीकडे बोट दाखवते आणि बचावाचा वकील त्याच्यावर ओरडतो, हे चित्रपटांत नेहमीचे आहे. पोक्सोत याच्या उलट तरतूद आहे. कलम ३७ प्रमाणे सुनावणी बंद दालनात, विश्वासाच्या माणसाच्या सोबतीने होते. कलम ३६ प्रमाणे साक्षीच्या वेळी मूल आरोपीच्या समोर येऊ दिले जात नाही. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घेतला जातो, पोलीस अधिकारी गणवेशात नसतो, आणि मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. परळी किंवा औंढ्याच्या एखाद्या खेड्यातल्या आईने न्यायालय फक्त पडद्यावर पाहिलेले असते. तिने ‘लेकराची अब्रू चव्हाट्यावर नको’ म्हणून मागे फिरायचे ठरवले, तर त्या निर्णयात पटकथाकाराचाही वाटा असतो.

कळवण्याचे बंधन

माहितीपट किंवा पटकथेसाठी कारखान्यांवर, हंगामी वसतिगृहांत आणि आश्रमशाळांत फिरणाऱ्यांना मुले विश्वासाने काही सांगतात. अशा वेळी पोक्सोचे कलम १९ प्रत्येक व्यक्तीला लागू होते: अत्याचार झाल्याचे कळले किंवा होण्याची भीती वाटली, तर विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवणाऱ्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. चित्रीकरणादरम्यान नजरेस आलेल्या आक्षेपार्ह साहित्याबाबत स्टुडिओ व माध्यमसंस्थांना कलम २० वेगळे बांधून घेते. ‘माझ्या पात्राचा विश्वासघात होईल’ ही अडचण खरी असते, म्हणून मुलाशी बोलायला सुरुवात करण्याआधीच, त्याला कळेल अशा शब्दांत, असे काही सांगितलेस तर मला ते मदत करणाऱ्यांना सांगावे लागेल हे स्पष्ट केले पाहिजे. कोणत्या ठाण्याची हद्द लागते, जिल्हा बाल संरक्षण कक्ष कुठे आहे, मुलाच्या भाषेत, मग ती बंजारा समाजाची गोरमाटी असो वा दखनी उर्दू, बोलणारे कोण मिळेल, हे चित्रीकरणाला निघण्याआधी ठरवून ठेवावे लागते. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी चोवीस तास चालते. मनोधैर्य योजनेखाली (२०१३) अत्याचारग्रस्त मुलाला अर्थसाहाय्य आणि समुपदेशन मिळू शकते, आणि ही माहिती त्या कुटुंबापर्यंत पोहोचवणारा पहिला माणूस कित्येकदा कॅमेरा घेऊन आलेलाच असतो.